व्हय म्हणणारी सीट

"आता हे सांगितलं तर तुमच्यातल्या एकाला बी पटायचं न्हाय," आकातात्या म्हणाला, आणि दूध संस्थेच्या पायऱ्यांवर किटल्या घेऊन बसलेली माणसं चार बोटं पुढं सरकली.

कसबा बावड्यात आकाराम फिटरच्या तोंडून हे वाक्य निघालं की थाप सुटली असं समजायचं. साखर कारखान्यात पस्तीस हंगाम काढलेल्या या माणसानं पाना फिरवला नसेल तेवढी जीभ फिरवली होती. महापुरात तो म्हणे म्हशीच्या पाठीवर बसून पंचगंगेतनं थेट शिरोळपर्यंत वाहत गेला होता, आणि वाटेत दोन्ही वेळा तिची धार काढून पूरग्रस्तांना चहा पाजला होता. कारखान्याच्या भोंग्यात त्यानं एकदा मिरचीपूड भरली होती, तेव्हा अख्खं बावडं आठ दिवस पाळीप्रमाणं शिंकत होतं. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी.

लोक मजेत ऐकायचे, कारण थापेला शेवट होता. पायरीला लावलेल्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर, दोन्ही पाय डावीकडं सोडून, मांडीवर किटली धरून अंबूबाई बसलेली असायची. नवऱ्याची म्हैस शिरोळच्या जवळ आली की ती सीटवरूनच ओरडायची, "खोटं!" एवढा एकच शब्द. माणसं हसायची, तात्या किक मारायचा, दोघं घरी जायची. बावीस वर्षं हा क्रम चुकला नव्हता.

सात महिन्यांपूर्वी अंबूबाई गेली. सकाळी छातीत कळ आली म्हणाली आणि दुपारी नव्हती.

तात्या रडला नाही. बाराव्याचं जेवण त्यानं पोटभर केलं. एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तरी ग्लास रिकामा झाला. उकळता चहा तसाच घशाखाली उतरायचा, चटका बसला असं कधी तोंडावर दिसायचं नाही. लोक म्हणाले, तात्या मोठा खंबीर. खंबीर कसला? झोपेत डोक्याखाली राहिलेला हात जसा बधिर होतो तसा तो अख्खाच्या अख्खा बधिर झाला होता, आणि मुंग्या यायचं काही नाव नव्हतं. थापाही बंद होत्या. कारखान्यातले जुने सोबती म्हणायचे, "तात्या, सोडा की एखादी." तात्या म्हणायचा, "बघू."

आणि त्या सकाळी, दूध संस्थेच्या पायऱ्यांवर, सात महिन्यांनी ते वाक्य निघालं.

"अंबू अजून गाडीवर बसतीया," तो म्हणाला. "मी बसलो की मागची बाजू खाली जाती, डाव्या अंगाला. मागं कोण न्हाय, तरी जाती. आणि स्पीडब्रेकरवरनं उतरलो की सीट सात-आठ डाव वरखाली हुती. हसतीया ती. हसताना अशीच हालायची नव्हं का?"

इथं तो थांबला. मान सवयीनं मागच्या सीटकडं वळली. इथंच तो शब्द यायचा.

आला नाही. एकानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. शेजारची धोंडुबाई, अंबूबाईची जन्माची मैत्रीण, पदर डोळ्याला लावून उभी राहिली. बायको गेलेल्या माणसाला तोंडावर खोटं कोण म्हणणार? थाप अर्धीच हवेत लोंबकळत राहिली आणि तात्या किटली उचलून घरी गेला.

अर्धी थाप पुरी करायला माणूस मिळायला वेळ लागत नाही. इथं तो गारगोटीकडून आला. आधीच्या गावात त्याचं नाव नारळबाबा होतं. तिथं तो नारळातून कुंकू काढायचा, आणि एक दिवस लोकांनी त्याच्या पिशवीतून कुंकवाचे पुडे काढले. बावड्यात येताना त्यानं नाव बदललं. आसनानंद महाराज.

पंधरा दिवसांत तात्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. गाडीला हार, हँडलला लिंबू-मिरच्या, मागच्या सीटवर भगवी शाल. ती शाल दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकेल एवढी मोठी. समोर बायका, मागं पुरुष, कुंपणावर मोबाईल धरलेले हात. आणि मधोमध महाराज.

"भक्तांनो, आत्म्याला आसन लागतं!" महाराज गर्जायचे. "आत्मा सतरंजीवर बसत नाही. खुर्चीवर बसत नाही. का बसत नाही? कारण त्याला स्प्रिंग लागते! परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मोजलंय, आत्म्याला वजन असतं. पण ते आपल्यासारखं वरून खाली नसतं, ते उजवीकडून डावीकडं असतं. म्हणून गाडी कुठं कलते?"

"डावीकडं!" गर्दी ओरडायची.

"आता हे सांगा, हा योगायोग आहे का?"

"न्हाय, न्हाय!"

परदेशातल्या कुठल्या शास्त्रज्ञानं आत्म्याला आडवा पाडून मोजलं, हे कुणी विचारलं नाही.

मग मुख्य कार्यक्रम. तात्यानं पुढं हँडल धरून बसायचं, गाडी दोन्ही चाकांवर उभी ठेवायची. मेन स्टँडवर लावलेली चालायची नाही, मागचं चाक अधांतरी असलं की म्हणे देवीचा धरणीशी संबंध तुटतो. महाराज सीटला खेटून उभे राहायचे, सीटवर नारळ ठेवायचे आणि विचारायचे, "अंबूआई, आलीस का?" शाल थरथरायची, सीट खाली जायची, वर यायची, पुन्हा खाली, पुन्हा वर. सात-आठ वेळा. नारळ माणसानं मान डोलवावी तसा डोलायचा.

"व्हय म्हणाली!" गर्दीतून एकच गलका उठायचा.

पुढं बसलेल्या तात्याला दर वेळी पाठीमागं एक हिसका जाणवायचा. पस्तीस वर्षं यंत्रांच्या संगतीत काढलेल्या माणसाला माणसाच्या पायाचा दाब आणि बाकीच्या कशाचा दाब यातला फरक कळायला फार विचार करावा लागत नाही. तात्या समोर बघत राहायचा. समोर तुळशीचं वृंदावन होतं. त्यातली तुळस वाळली होती.

सीट सगळ्याला व्हय म्हणायची. महाराजांनी तात्याच्या पुढच्या खोलीत राहावं का? व्हय. अंगणात पत्र्याचं शेड घालून गाडी कायमची तिथं बसवावी का? व्हय. बुधवारी महाराजांना मटणाचा नैवेद्य दाखवावा का? सीट आठ वेळा डोलली आणि धोंडुबाईनं तांबडा-पांढरा करून आणला. अंबूबाई माळकरी होती. घरात अंडं आणलं तर दोन दिवस जेवायची नाही. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी रस्सा वाढून घेतला.

तात्यानंही घेतला. चव लागली नाही.

रोज सकाळी सहाला, माणसं गोळा व्हायच्या आत, तो जुन्या धोतराचं फडकं घेऊन गाडीच्या डाव्या बाजूला उकिडवा बसायचा. मागच्या चाकाशी, साखळीच्या वर, एकच जागा पुसायचा. बाकीच्या गाडीवर धूळ तशीच. मग फडकं पाणी तापवायच्या बंबात टाकायचा. ते भुर्रकन पेटायचं. तो बंबाकडं बघत उभा राहायचा.

समोरच्या खिडकीतून संयोगिता हे रोज बघायची. संयोगिता म्हणजे धोंडुबाईची सून. तिला दुसरं काम नव्हतं, कारण तिला उठायचीच मनाई होती. आधीची दोन पोरं पाचव्या महिन्यात गेली होती. या खेपेला डॉक्टरांनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला होता आणि बजावून सांगितलं होतं: पडून राहायचं, धक्का बसू द्यायचा नाही, दुचाकीचं नाव काढायचं नाही. आठवा लागला होता. आधीच्या दोन्ही खेपांना अंबूबाई रोज दुपारी हिच्या उशाशी येऊन बसायची, नवऱ्याच्या थापा सांगून हसवायची, आणि प्रत्येक थापेच्या शेवटी स्वतःच "खोटं!" म्हणायची.

"आत्ती," संयोगिता सासूला म्हणाली, "काका रोज उठून काकूंची गाडी पुसत्यात. पूजा केल्यागत. किती जीव असंल बघा."

धोंडुबाईच्या डोक्यात तेव्हाच शिरलं, सुनेचं अंबूलाच विचारावं. ती काही वाईट बाई नव्हती. दोन वेळा दवाखान्यातून रिकाम्या हातानं आली होती, आणि आता उरलेले दिवस बोटांवर मोजत होती. भ्यालेलं माणूस ज्या दिशेनं दार दिसेल तिकडं पळतं. तिनं बुधवारीच नैवेद्याच्या ताटाबरोबर प्रश्नही आणला.

"म्हाराज, माझ्या सुनंचं नीट पार पडंल का, एवढं अंबूला इचारा."

महाराजांनी डोळे मिटले. "नीट पार पडेल. पण देवीची एक इच्छा आहे. सुनेनं देवीच्या आसनावर बसून नरसोबाच्या वाडीला जावं. संगमावर ओटी भरावी. अंबूआई, हिला नेतेस ना वाडीला?"

सीट डोलली. नऊ वेळा. आजवरचा उच्चांक.

वाडीच्या दत्ताला या गोष्टीचा पत्ताही नव्हता. बावड्यापासून वाडी पन्नास किलोमीटर. त्या वाटेवर खड्डे किती आणि स्पीडब्रेकर किती, हे सीटला कुणी विचारलं नाही.

"डाक्टर नको म्हणत्यात," धोंडुबाई चाचरत म्हणाली.

"डॉक्टर जिवंत माणसाच्या गाडीबद्दल बोलतात," महाराज म्हणाले. "ही देवीची गाडी आहे. हिच्यावर धक्का बसत नाही, आशीर्वाद बसतो."

संयोगिताला विचारलं तेव्हा ती उठून बसली. "काकू संगं हाय म्हटल्यावर मला काय हुतंय?" ती म्हणाली. नवरा शिरोलीच्या फौंड्रीत पहिल्या पाळीला जायचा. त्याला सांगायचं नाही असं ठरलं. चालवायचं तात्यानं.

"तात्या, न्हेशील नव्हं?" धोंडुबाईनं विचारलं.

आता बोलायची वेळ होती. तात्याला ते कळलंही. तोंडात शब्द आला, पण तो कुणा दुसऱ्याच्या तोंडात असल्यासारखा वाटला.

"बघू," तो म्हणाला. बावड्यात ‘बघू’ म्हणजे होकारच धरतात.

गुरुवारी सकाळी आठला गाडी निघाली. पुढं हलगी, मागं पन्नासेक माणसं, बाजूनं शाल सावरत महाराज. संयोगिता मागच्या सीटवर, दोन्ही पाय डावीकडं सोडून, एक हात पोटावर, एक तात्याच्या खांद्यावर.

ती बसली तेव्हाच तात्याच्या पाठीला काहीतरी कळलं. सात महिन्यांत पहिल्यांदा मागं खरोखर माणूस बसलं होतं. खांद्यावर हात होता, त्या हाताला ऊब होती, पाठीला श्वास लागत होता. त्याच्या लक्षात आलं, माणूस बसलं की गाडीला असं वाटतं. या सात महिन्यांत एकदाही तसं वाटलं नव्हतं.

मुख्य रस्त्याला लागलं की पहिला स्पीडब्रेकर बादशहा मिस्त्रीच्या गॅरेजसमोर. तात्यानं गाडी अगदी पायाच्या चालीनं चढवली. पुढचं चाक उतरलं. मागचं उतरलं आणि ठाण्णकन आवाज आला. लोखंडावर लोखंड. पाठोपाठ सीट उसळली, आदळली, उसळली, आदळली.

"आई गं!" संयोगितानं दोन्ही हातांनी पोट धरलं.

"व्हय म्हणाली! देवी व्हय म्हणाली!" मागून पाच-सहा जण ओरडले.

तात्याच्या डाव्या हातानं क्लच दाबला. त्यानं काही ठरवलं नव्हतं. असला आवाज आला की मशीन बंद करायचं, हे हाताला पस्तीस वर्षांचं ठाऊक होतं. गाडी बादशहाच्या दारात उभी राहिली.

बादशहा पाना हातात घेऊनच बाहेर आला. "तात्या, खाली उतरायचं," तो म्हणाला. "आधी पोरीला उतरवा. नजीरा, अगं खाट टाक भायेर!"

नजीरा, त्याची बायको, गॅरेजला लागून असलेल्या घरातून धावत आली. तिनं संयोगिताला धरून खाटेवर निजवलं, पायाखाली उशी दिली आणि दवाखान्यात फोन लावला. कळ येतेय का? नाही. अंगावर जातंय का? नाही. बाळ हलतंय का? हलतंय. मग चारचाकीत झोपवून सावकाश आणा, डॉक्टर म्हणाले. दुसरा फोन शिरोलीला गेला. नवरा मित्राची चारचाकी घेऊन निघाला. अर्धा तास लागणार होता. टाका शाबूत निघाला, हे इथंच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचताना वाचणाऱ्याचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

"मिस्त्री, बाजूला व्हा," महाराज पुढं आले. "देवीची यात्रा अडवू नका. कोप होईल."

"अडवत न्हाय की पावणं," बादशहा म्हणाला. "नुसतं इचारतोय. ही सीट व्हय म्हणती म्हणं. आता बी म्हणंल का?"

"का नाही म्हणणार?"

"मग इचारा. पन जरा ही शाल काढतो. मला सीट दिसंना झालीया."

"शाल काढू नको! देवीला लाज वाटते!"

"आवं, मावशी बावीस वर्सं ह्याच सीटवर बसून भर रस्त्यातनं जात हुत्या. तवा न्हवती लाज वाटली?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बादशहानं शाल उचलून खांद्यावर टाकली. खाली उघडी सीट, उघडं चाक, आणि सीटखाली मागच्या माणसानं पाय ठेवायचं पायदान. पायदानाच्या रबरावरची धूळ मधोमध पुसली गेली होती, खडावेच्या आकारात. महाराजांच्या पायात खडावा होत्या.

"इचारा आता."

महाराजांनी घसा साफ केला, सूर्य कुठं आहे ते बघितलं, मुहूर्त टळल्याचं जाहीर केलं.

तेव्हा धोंडुबाई पुढं आली. तिनं सीटवर हात ठेवला. "अंबू, मी धोंडी इचारती. माझ्या सुनंला वाडीला न्यायचं का?"

सीट हलली नाही.

"अंबू, मी हाय गं. बोल की."

हलगीवाल्यानं हलगी काखेत धरली. रस्त्यावरून एक उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या हादऱ्यानं आरसा थरथरला. सीट नाही.

मग बादशहानं आपला उजवा पाय पायदानावर ठेवला, दाबला आणि सोडला. सीट खाली, वर, खाली, वर. आठ वेळा.

"आता म्हणाली," तो म्हणाला. "पुढं इचारू? बादशहा मिस्त्रीला पुढच्या साली खासदार करायचं का?" पाय. सीट आठ वेळा डोलली. "बघा, व्हय म्हणाली. ह्यो म्हाराज खोटा हाय का?" पाय. आठ वेळा. "ह्याला बी व्हयच. हिला न्हाय म्हणायलाच येत न्हाय. ज्याला न्हाय म्हणता येत न्हाय त्याला इचारून काय उपेग?"

"पन आमच्या गाड्या अशा डोलत न्हाईत की," गर्दीतून एकानं शंका काढली.

"ब्येस इचारलास. आण तुझी."

त्याची गाडी आणली. बादशहानं सीटवर दोन्ही तळव्यांनी भार दिला आणि सोडला. सीट खाली गेली, वर आली आणि थांबली. एकदाच. मग त्यानं सरळ तात्याच्या गाडीचे दोन नट ढिले केले, सीटखालचा धक्के झेलणारा डावा शॉकअप काढून सगळ्यांसमोर उभा धरला.

"ही भायेरची स्प्रिंग. हिचं काम उडायचं. आणि ह्या आतल्या नळीत तेल असतंय, त्यात ही दांडी खालीवर हुती. पाण्यानं भरलेल्या हंड्यात हात फिरवायला जोर लागतोय का न्हाय? तसं तेल दांडीला अडवतंय, म्हणून स्प्रिंग एका उडीत गप बसती. आता नळीच्या तोंडाचं सील झिजलं, तेल गळून गेलं, की हंडा रिकामा. स्प्रिंगला आवरणारं कोण न्हाय. मग ती उडतीया आपली मोकाट. सात डाव, आठ डाव, नऊ डाव. आणि स्प्रिंग जुनी हून बसली की गाडी त्या अंगाला कलती. मेन स्टँडवर चाक हवेत असतंय, सीटचा भार स्टँडवर जातोय, मग पायदान कितीबी दाबा, सीट हालणार न्हाय. म्हणून म्हाराजास्नी गाडी चाकांवर लागत हुती."

त्यानं शॉकअप जमिनीवर टेकवून दाबला. तो टणटणत राहिला.

"आणि डावाच का?" धोंडुबाईनं विचारलं. तिला अजून कुठंतरी एक फट हवी होती.

बादशहानं शॉकअप खाली ठेवला. "मावशी दोन्ही पाय डावीकडं सोडून बसायच्या. बावीस वर्सं त्या अंगाला थोडा जास्त भार. दोन्ही म्हातारं झालं हुतं, पन डावा आधी गेला. मावशींचं एवढंच हाय ह्यात, धोंडाक्का. त्या बसत हुत्या, ते हाय. आता बसत न्हाईत."

तेवढ्यात महाराज दोन पावलं मागं सरकले, मग चार, मग कुणाच्या तरी टेम्पोच्या मागं दिसेनासे झाले. गावात पुन्हा आले नाहीत. आता कुठं आणि कुठल्या नावानं आहेत, ठाऊक नाही. पण असतील, आणि तिथंही काहीतरी झिजलेलं असेल आणि त्यावर शाल असेल. तेव्हा एवढं करावं. नमस्कार करायचा तर करावा, पण आधी शाल बाजूला करून खाली बघावं. एकदा नाही, दोनदा विचारावं. ‘नाही’ कधी येतं का तेही बघावं. आणि दुःखातल्या माणसाचं मन मोडू नये म्हणून कुणाच्या बोलण्याला माना डोलवू नयेत. त्या माना मोजून घेणारा कुणीतरी वाटेवर असतोच.

बादशहानं नवी जोडी बसवली. नजीरानं चहा दिला. गर्दी पांगली, तरी पंधरा-वीस माणसं रेंगाळली. तात्या एका जुन्या टायरवर बसला होता, हातात उकळत्या चहाचा काचेचा ग्लास.

"मी बी चुकलो," बादशहा पाना पुसत म्हणाला. "महिन्याखाली मी तात्यास्नी म्हणालतो, शॉकअप बघू या. ते म्हणालं, बघू. मी गप बसलो. म्हटलं, माणसाच्या दुःखात पाना कुठं घालायचा." मग तो काढलेला शॉकअप हातात फिरवत म्हणाला, "पन एक कळंना झालंय. तेल गळालं की त्याच्यावर धूळ बसती, काळा लगदा हुतोय. सगळ्या गाडीवर बोटभर धूळ हाय, आणि ही दांडी आरशागत लख्ख. कुणी पुसली?"

पंधरा-वीस तोंडं तात्याकडं वळली.

तात्यानं पाय जरा लांब केले, आवाज लावला. जुना आवाज. "आता हे सांगितलं तर कुणाला पटायचं न्हाय," तो म्हणाला, "पन मला ह्यातलं कायसुदिक ठावं न्हवतं. मी फिटर खरा, पन साखरंच्या मशिनीचा. तिथं चरक, इथं शॉकअप. तेल गळतंय का तूप गळतंय, मला काय कळतंय? मला आपलं वाटलं, अंबूच बसतीया. देवाशपथ."

माणसांनी माना हलवल्या. बिचारा. एकानं टोपीला हात घातला.

"खोटं!"

तात्याची मान सवयीनं आधी गाडीच्या सीटकडं वळली. सीट रिकामी होती, नव्या शॉकअपवर वर उचलून बसलेली, सरळ, कुठल्याच अंगाला न कललेली. मग ती मान खाटेकडं वळली.

संयोगिता कोपरावर भार देऊन अर्धी उठली होती. पोटावर हात तसाच. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत होता.

"रोज सकाळी सहाला तुम्ही हीच दांडी पुसत हुता. मी खिडकीतनं बघत हुती. मला वाटायचं, पूजा करत्यात. आणि पुसलेलं फडकं बंबात घालत हुता. ते भुर्र करून पेटायचं. पाण्यानं पुसलेलं फडकं असं पेटतंय व्हय? ठावं न्हवतं तर पुसत कशाला हुता, काका? आणि ठावं हुतं तर मला मागं बसवून कशाला न्हेलासा?"

तात्यानं तोंड उघडलं. म्हैस नाही, भोंगा नाही, काहीच आलं नाही. हाताला काहीतरी होत होतं. त्यानं खाली बघितलं. ग्लास चटके देत होता. केव्हापासून देत होता कुणास ठाऊक, तळवा लाल झाला होता. त्यानं ग्लास खाली ठेवला आणि हात काखेत दाबून धरला.

"ठावं हुतं नव्हं?" संयोगितानं विचारलं.

"व्हय," तात्या म्हणाला.